परड्यातली ओली जागा आणि लव्हाळा : लावा, पण घेरातच



आजचा संदेश थोडा मोठा आहे. सवडीने वाचा आणि घरातल्या मंडळींनाही वाचून दाखवा, कारण परड्याचं काम बहुतेक घरांत बायकाच बघतात.

मोरीच्या तोंडाशी, विहिरीच्या काठाला, किंवा घरामागे जिथे पागोळ्यांचं पाणी येऊन साचतं तिथे एक ओली जागा आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घराला असते. महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा जागी मिरची लावली तर मूळ कुजतं, वांगं पिवळं पडतं. मग ती जागा चिखल म्हणूनच राहते.

त्यावर सभासदांकडून एक प्रश्न नेहमी येतो : "तिथे नागरमोथा लावला तर चालेल का? उटण्याला, औषधाला जातो म्हणतात."

*थोडक्यात उत्तर :* चालेल. पण बंद घेरातच लावायचा. घेर करायची तयारी नसेल तर अजिबात लावू नका. असं का, आणि घेर कसा करायचा, ते खाली सविस्तर दिलं आहे.

*१) नागरमोथा म्हणजे आपला लव्हाळाच*

दुकानात जो नागरमोथा किंवा मोथा म्हणून मिळतो, तो बहुतेक वेळा आपल्या शेतातल्या लव्हाळ्याची वाळवलेली गाठ असते. (नागरमोथा या नावाने त्याच कुळातली दुसरी एक जातही बाजारात येते. तिच्यापासून अत्तराचं तेल काढतात. विकायच्या आधी व्यापाऱ्याला कोणती हवी ते विचारून घ्या.) वैद्य याच गाठीला मुस्ता म्हणतात. चरकसंहितेत मुस्ता आहे. तापात पाणी उकळून देतात त्या षडंगपानीयात सुंठ, वाळा, चंदनाबरोबर मुस्ता असते. दिवाळीच्या उटण्यात आणि केसांच्या शिकेकाईच्या पुडीतही नागरमोथा घालतात. म्हणजे वस्तू कामाची आहे.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. १९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आहे. नव्वदहून जास्त देशांत आणि पन्नासहून जास्त पिकांत तो तण म्हणून नोंदलेला आहे. औषधाची गाठ आणि जगातलं एक नंबरचं तण ही एकच वनस्पती आहे. लावताना ही गोष्ट विसरायची नाही.

*२) ओळख पक्की करा*

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नाही. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल आणि पोकळ लागतो, लव्हाळ्याचा तीन धारांचा आणि भरीव लागतो. पानंही तीन ओळींत निघतात.

मात्र तीन धारांचं जे जे दिसेल ते सगळं लव्हाळा नसतं. भाताच्या खाचरात पिवळसर तुऱ्याचा मोथा येतो, तोही तीनधारी असतो. तो दरवर्षी बियांपासून उगवतो आणि त्याला गाठी नसतात. उपटला की झुपकेदार मुळांसकट सहज हातात येतो. तो लावून काही उपयोग नाही.

खरा लव्हाळा ओळखायच्या खुणा अशा :

• तुरा तांबूस-तपकिरी, जांभळट झाक असलेला.
• पानं गडद हिरवी, चकचकीत, बुडाशी जमलेली.
• उकरल्यावर काळपट गाठी एका दोरीत ओवल्यासारख्या, एकीला दुसरी जोडलेल्या.
• गाठ फोडली की आत पांढरट-तांबूस, वास सुगंधी, चव कडवट.

गाठींची माळ आणि तो वास, या दोन खुणा जुळल्या म्हणजे नक्की.

नर्सरीत छत्रीसारख्या पानांचं एक शोभेचं झाड मिळतं. तेही याच कुळातलं आहे, पण ते आफ्रिका-मादागास्करकडून आलेलं आहे. त्याला अशा गाठी येत नाहीत. ते शोभेपुरतंच.

*३) एवढा जपायचा कशासाठी?*

लव्हाळ्याचं खरं घर जमिनीखाली असतं. वर दिसतो तो फक्त शेंडा. बी फारसं रुजत नाही, तो पसरतो गाठींनी. एका गाठीतून जमिनीखाली दोरी निघते, दोरीच्या टोकाला नवी गाठ धरते, आणि तिच्यातून पुढची दोरी निघते. मोकळ्या, उन्हाच्या जागेत एका गाठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या आसपास गाठी झाल्याचं अभ्यासकांनी मोजलेलं आहे.

माळ अखंड असते तेव्हा सगळ्या गाठी एकदम फुटत नाहीत. पुढची गाठ मागच्यांना दाबून धरते. आपण कुदळ मारली किंवा पॉवर टिलर फिरवला की माळ तुटते, आणि तुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. म्हणून एकदा नांगरलं की लव्हाळा दुप्पट दिसतो. शेंडा कापला तरी गाठीत साठवलेल्या अन्नावर तो पुन्हा वर येतो. दोरीचं टोक इतकं अणकुचीदार असतं की मल्चिंगचा प्लास्टिक कागद भोसकून बाहेर पडतं.

महापुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळी तगतात, ही तुकोबांच्या अभंगातली गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पुरात तो का तगतो, याचं उत्तर हेच : वाकतो तो शेंडा आणि टिकते ती खालची गाठ. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर सावित्री, गांधारी, काळ या नद्यांच्या काठच्या शेतांत गाळ येऊन बसला, तो अनेकांनी पाहिला आहे. अशा गाळातून गाठी एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. नदीकाठचा गाळ परड्यात किंवा रोपवाटिकेत आणायचा असेल तर चाळून, गाठी वेचूनच आणा.

भाताच्या खाचरात पाणी उभं असतं तोवर लव्हाळा दबून राहतो. त्याला ओल आवडते, पण खोल उभं पाणी मानवत नाही. भात निघालं, पाणी उतरलं आणि वाल-पावटा पेरला की तो उसळतो. म्हणजे परड्यातून सुटलेल्या लव्हाळ्याचं खरं नुकसान भातात कळत नाही. ते कळतं रब्बीच्या वालात, भाजीच्या वाफ्यात आणि वरकस जमिनीतल्या नाचणीत. तेव्हा बेणणीची मजुरी भरूनही तो हटत नाही.

*४) जागा कशी निवडायची*

• किमान अर्धा दिवस थेट ऊन हवं. लव्हाळा सावलीत हडकतो आणि गाठी बारीक राहतात. फणस-आंब्याखालची ओली जागा चालणार नाही.
• सतत ओल चालेल, पण टाचभर पाणी महिनाभर उभं राहत असेल ती जागा सोडा.
• भाजीचा वाफा, रोपवाटिका आणि शेताचा बांध यांपासून किमान दहा-बारा फूट लांब.
• घराच्या दारापासूनही तेवढंच लांब. दाट झुपक्यात बेडूक येतात, त्यांच्यामागे साप येतो. आपल्याकडे फुरशांचा धोका आहे. भोवतीची जागा साफ ठेवा, हात घालायच्या आधी काठीने हलवून बघा.
• चिखलात काम करताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा ताप असाच येतो.

*महत्त्वाचं :* गाठी औषधाला किंवा उटण्याला वापरायच्या असतील तर घेरात साबणाचं, भांड्यांचं किंवा संडासाचं पाणी जाऊ देऊ नका. लव्हाळा जमिनीतले जड धातूही शोषून घेतो. म्हणून हायवेच्या गटारातल्या, कारखान्यांच्या सांडपाण्याजवळच्या किंवा कचराकुंडीजवळच्या गाठी बेण्याला घेऊ नका आणि विकायला तर मुळीच काढू नका. पागोळ्यांचं आणि विहिरीच्या काठचं स्वच्छ पाणी सगळ्यात चांगलं.

*५) घेर कसा करायचा*

सगळं यश याच कामावर आहे. पुढीलपैकी काहीही चालेल :

• खड्ड्यासाठी मिळते ती तीन फूट व्यासाची सिमेंटची रिंग, खाली सिमेंटचा तळ करून.
• फुटकी पाण्याची टाकी अर्धी कापून, तळ शाबूत ठेवून.
• जाड प्लास्टिकचा मोठा टब किंवा अर्धा ड्रम.

खोली किमान दीड फूट हवी. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात, पण काही त्याखालीही जातात. घेर जमिनीत पुरा, पण त्याची कड जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. त्याने बाहेरचं वाहतं पाणी आत शिरून माती-गाठी घेऊन जाणार नाही आणि कडेवरून बाहेर पडणारी दोरी डोळ्यांना दिसेल.

तळाला भोक पाडू नका, दोरी तिथूनच पळते. जादा पाणी जायला बाजूला, कडेच्या खाली चार बोटांवर एक लहान भोक पाडा. त्यावर बारीक जाळी बसवा आणि ते भोक दिसेल असं मोकळं ठेवा. नुसता प्लास्टिक कागद अंथरून किंवा विटा रचून घेर होत नाही. कागद भोसकला जातो आणि विटांच्या सांध्यातून दोरी निघते.

आत भरायची माती : दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं कुजलेलं शेणखत, या प्रमाणात. वाळू घातली की काढणी सोपी जाते, गाठीला चिकण माती चिकटून राहत नाही. रासायनिक खताची गरज नाही.

*६) लागवड*

घेर रोहिणीतच तयार करून ठेवा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा.

बेणं जंगलातून आणायची गरज नाही. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या वरकस शेतातून ताज्या, टणक, ठसठशीत गाठी काढा. वाळलेल्या सुरकुतलेल्या गाठी रुजत नाहीत, म्हणून दुकानातला नागरमोथा बेण्याला चालत नाही. माळ तोडून एकेक गाठ सुटी करा. दोन इंच खोल आणि वीतभर अंतराने लावा. तीन फुटी रिंगेला बारा ते पंधरा गाठी पुष्कळ झाल्या. दाट लावाल तर गाठी बारीक येतील. उकाड्यात आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

उरलेलं बेणं उकिरड्यावर फेकू नका. कडक वाळवा किंवा चुलीत जाळा.

*७) निगा*

• दर आठवड्याला घेराभोवती एक फेरी मारा. बाहेर एक जरी तीनधारी कोंब दिसला तरी खुरप्याने खोल उकरून गाठीसकट काढा. नुसता उपटू नका, शेंडा हातात येतो आणि गाठ खाली राहते.
• तुरे दिसले की कापा. अन्न गाठीत उतरतं आणि थोडंफार बी पडायचं तेही टळतं. कापलेला पाला गुरांना घातला किंवा आच्छादनाला वापरला तरी चालतो, फक्त त्यात गाठ नको.
• घेरात वापरलेलं खुरपं, कुदळ तिथेच धुऊन मग शेतात न्या.
• पाऊस गेल्यावर आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्या. पूर्ण कोरडा पडू देऊ नका.

*८) काढणी आणि वाळवण*

पानं पिवळी पडू लागली की काढा, साधारण डिसेंबर-जानेवारीत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या : यंदाची गाठ यंदाच्या दिवाळीच्या उटण्याला मिळत नाही. ती नीट वाळवून पुढच्या दिवाळीसाठी ठेवायची असते. उटणं करणाऱ्या बचत गटांनी हा हिशोब धरूनच ठरवावं.

घेरातली सगळी माती ताडपत्रीवर काढा, जमिनीवर ओतू नका. चाळणीने चाळून गाठी वेचा. पुढच्या वर्षाचं बेणं म्हणून पंधरा-वीस गाठी त्याच घेरात ओल्या मातीत ठेवा. बाकीच्या धुऊन गोणपाटावर घासा म्हणजे वरचे तंतू निघतात. मोठ्या गाठींचे दोन-तीन काप करा. आठवडाभर कडक उन्हात वाळवा, रात्री घरात घ्या. गाठ दाताखाली किंवा अडकित्त्यात कट्‌कन तुटली की वाळली समजा. वाकली किंवा चिवट लागली तर अजून ऊन द्या. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धवट वाळलेल्या गाठीला पावसाळ्यात हमखास बुरशी येते आणि बुरशीचा माल कोणी घेत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जूनच्या आधी एकदा पुन्हा ऊन दाखवा.

वाळवण्याचा दुसरा फायदा असा की कडक वाळलेली गाठ मरते. मग ती कुठेही सांडली तरी उगवत नाही.

*उत्पन्नाबद्दल :* एक-दोन रिंगांतून घरचं उटणं, केसांची पुडी आणि थोडा जास्तीचा माल निघेल, एवढीच अपेक्षा ठेवा. यात एकराचा हिशोब मांडू नका आणि कोणी सांगितलं म्हणून शेतात तर लावूच नका. ताप, जुलाब यांवर घरच्या घरी काढा करून देण्याआधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारा. लहान मुलं, गरोदर बाया आणि रोजची औषधं घेणाऱ्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या.

*९) ज्यांच्या शेतात लव्हाळा आधीच आहे त्यांच्यासाठी*

• ओल्या जमिनीत रोटाव्हेटर किंवा पॉवर टिलर फिरवू नका. माळा तुटून गाठी सगळ्या शेतभर होतात. भाड्याचं मशीन आलं तर आधी पाती धुवायला लावा. पातीला लागलेल्या मातीतून लव्हाळा गावभर फिरतो.
• वाल निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये कोरडी खोल नांगरट करा. वर आलेल्या गाठी वेचा आणि बाकीच्यांना ऊन खाऊ द्या. ऊन हेच यावरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे. मात्र अवकाळीची सर आली तर काम पुन्हा करावं लागतं.
• उगवलेला लव्हाळा दोन-तीन आठवड्यांच्या आत परत परत काढा. नव्या गाठी धरायच्या आत शेंडा गेला की जुनी गाठ हळूहळू रिकामी होते. एका हंगामात संपेल अशी आशा नको, दोन-तीन वर्षं चिकाटी लागते.
• दाट सावली करणारं पीक घ्या. चवळीसारखं जमीन झाकणारं पीक त्याचं ऊन तोडतं.
• आंबा-काजूची कलमं पिशवीत घेताना पिशवीतली माती बघा. तीनधारी कोंब दिसला तर ते कलम घेऊ नका.
• बांध धरून ठेवायला लव्हाळा लावू नका. त्या कामाला वाळा चांगला. त्याची मुळं सरळ खाली जातात, बाजूला गाठी पसरत नाहीत.
• तणनाशकाने बरेचदा वरचा पाला जळतो आणि गाठ जिवंत राहते. वापरायचंच असेल तर आपलं पीक कोणतं ते सांगून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना किंवा रोहा-किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्राला विचारा. दुकानदाराच्या शब्दावर फवारू नका.

*शेवटी लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी*

१. तळ असलेल्या घेरातच लावा.
२. ऊन, ओल आणि स्वच्छ पाणी, तिन्ही हवं.
३. दर आठवड्याला घेराबाहेर फेरी.
४. गाठ कट्‌कन तुटेपर्यंत वाळवा.
५. पुढे सांभाळायला कोणी नसेल तर घेर रिकामा करून सगळ्या गाठी वाळवून टाका. सोडून देऊ नका.

आपल्या परड्यातलं तीनधारी रोप लव्हाळाच आहे का याची शंका असेल तर तुऱ्याचा एक आणि उकरलेल्या गाठींचा एक असे दोन फोटो याच नंबरवर पाठवा, सोबत आपलं नाव आणि गाव लिहा. घेर तयार असेल तर त्याचाही फोटो पाठवा, लावण्याआधी बघून सांगू. ज्या सभासदांकडे स्मार्टफोन नाही त्यांना हा संदेश कृपया वाचून दाखवावा.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, नाते